निर्णयवृक्षांचे वन : अनेक अंदाजांतून एक अंदाज

उभ्या पिकाचा उतारा कापणीपूर्वी अजमावण्याची गरज नवी नाही. गावातील जाणत्या माणसांनी शिवार फिरून, नजरेने अंदाज घेऊन आणेवारी ठरविण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. या नजर-अंदाजाच्या जोडीला पुढे पीक कापणी प्रयोग आले, मंडळामंडळांत पर्जन्यमापक बसले आणि आता उपग्रहांनी घेतलेली चित्रेही उपलब्ध झाली आहेत. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद चौकोन दाखवितो. म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याची वेगळी नोंद मिळते. इतकी माहिती एका माणसाच्या नजरेत मावणारी नाही. ती एकत्र करून उताऱ्याचा अंदाज बांधण्याचे काम संगणकाकडून करून घेतले जाते. त्यासाठी ज्या पद्धती वापरतात त्यांपैकी एक प्रमुख पद्धत म्हणजे निर्णयवृक्षांचे वन होय. जगभर तिला ‘रँडम फॉरेस्ट’ या नावाने ओळखतात.

अशा अंदाजांशी शेतकऱ्याच्या पैशाचा थेट संबंध आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरीप हंगामात सुरू झाली. 2023 च्या खरीपापासून या योजनेत, प्रथम भात व गहू या पिकांसाठी, तंत्रज्ञानाच्या साहाय्याने काढलेल्या उताऱ्याला निदान 30 टक्के भार देण्याचे ठरले व उरलेला भार पीक कापणी प्रयोगांकडे राहिला. तेव्हा संगणकाचा अंदाज कसा तयार होतो, तो कोठे खरा ठरतो आणि कोठे फसतो, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधू-भगिनींनी जाणून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. बेरीज आणि सरासरी ज्याला येते त्याला ही पद्धत समजू शकते.

एक वृक्ष कसा वाढतो

प्रथम एकाच वृक्षाचा विचार करू. निर्णयवृक्ष म्हणजे एकामागून एक विचारलेल्या प्रश्नांची मांडणी. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे दोन फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीवर पुढचा प्रश्न येतो. शेवटी पान लागते आणि त्या पानावर उत्तर लिहिलेले असते. अनुभवी शेतकरी याच रीतीने विचार करतो. पाऊस वेळेवर होता काय, जमीन खोल आहे काय, पेरणी केव्हा झाली, असे विचारीत तो निष्कर्षाला येतो. फरक एवढाच की कोणता प्रश्न आधी विचारावयाचा हे शेतकरी अनुभवाने ठरवितो, तर संगणक मागील नोंदींवरून ठरवितो.

पुढे सोयाबीनच्या 8 शेतांची नोंद दिली आहे. आकडे केवळ समजावून देण्यासाठी कल्पिले आहेत. खंड म्हणजे शेंगा भरण्याच्या काळात पावसाने दिलेली उघडीप. उतारा हेक्टरी क्विंटलमध्ये आहे.

शेत 1 : खोल जमीन, वेळेवर पेरणी, खंड 6 दिवस, उतारा 22
शेत 2 : खोल जमीन, वेळेवर पेरणी, खंड 20 दिवस, उतारा 16
शेत 3 : खोल जमीन, उशिरा पेरणी, खंड 8 दिवस, उतारा 17
शेत 4 : खोल जमीन, उशिरा पेरणी, खंड 22 दिवस, उतारा 13
शेत 5 : उथळ जमीन, वेळेवर पेरणी, खंड 7 दिवस, उतारा 18
शेत 6 : उथळ जमीन, वेळेवर पेरणी, खंड 21 दिवस, उतारा 8
शेत 7 : उथळ जमीन, उशिरा पेरणी, खंड 9 दिवस, उतारा 13
शेत 8 : उथळ जमीन, उशिरा पेरणी, खंड 23 दिवस, उतारा 5

सर्व शेतांची सरासरी 14 क्विंटल येते. आता या शेतांचे दोन गट असे पाडावयाचे आहेत की गटागटांत अंतर जास्तीत जास्त राहील व एका गटातील शेते परस्परांशी मिळतीजुळती असतील. जमिनीवरून गट पाडले तर खोल जमिनीची सरासरी 17 व उथळ जमिनीची 11 येते, अंतर 6. पेरणीवरून पाडले तर 16 व 12, अंतर 4. खंडावरून पाडले तर लहान खंडाच्या चार शेतांची सरासरी 17.5 व मोठ्या खंडाच्या चार शेतांची 10.5, अंतर 7. येथे प्रत्येक वेळी गट सारखेच, म्हणजे चार-चार शेतांचे आहेत. म्हणून ज्या प्रश्नाने सर्वांत मोठे अंतर पडते तोच पहिला प्रश्न ठरतो. खंडाचा प्रश्न पहिला आला.

मर्यादा कोठे घालावयाची? लहान खंडातील सर्वांत मोठा आकडा 9 व मोठ्या खंडातील सर्वांत लहान आकडा 20 आहे. त्यांच्या मध्यावर, म्हणजे साडेचौदा दिवसांवर, संगणक रेघ ओढतो.

पुढे प्रत्येक फांदीवर हीच क्रिया पुन्हा करावयाची. मोठ्या खंडाच्या फांदीवर जमिनीचा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. तेथे खोल जमिनीची सरासरी 14.5 आणि उथळ जमिनीची 6.5 निघते. लहान खंडाच्या फांदीवर मात्र पेरणीचा प्रश्न पुढे येतो. वेळेवर पेरलेल्या शेतांची सरासरी 20 व उशिरा पेरलेल्यांची 15 आहे. याचा अर्थही लक्षात घेण्यासारखा आहे. पाऊस रुसला की जमिनीत ओल किती टिकते हे महत्त्वाचे ठरते. पाऊस साथ देत असला की पेरणीची वेळ महत्त्वाची ठरते. एका फांदीवरचा प्रश्न दुसऱ्या फांदीवर लागू पडतोच असे नाही, ही शेतीतील खरी परिस्थिती निर्णयवृक्ष सहज दाखवितो. हा त्याचा मोठा गुण होय. या पद्धतीची पद्धतशीर मांडणी अमेरिकेतील लिओ ब्राइमन, जेरोम फ्रीडमन, रिचर्ड ओल्शन आणि चार्ल्स स्टोन यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते.

एका वृक्षाचा दोष

आता नववे शेत घेऊ. जमीन उथळ, पेरणी वेळेवर, खंड 14 दिवस. साडेचौदाच्या आत असल्यामुळे हे शेत लहान खंडाच्या फांदीवर जाते आणि वृक्ष 20 क्विंटल उतारा सांगतो. त्याच शेतात खंड 15 दिवस झाला असता तर ते मोठ्या खंडाच्या फांदीवर, तेथून उथळ जमिनीच्या पानावर गेले असते आणि उत्तर 6.5 क्विंटल मिळाले असते. एका दिवसाच्या फरकाने साडेतेरा क्विंटल नाहीसे झाले. कोणताही शेतकरी ही गोष्ट मान्य करणार नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबरच आहे.

दोष हिशेबाच्या चुकीचा नाही. एकटा वृक्ष ज्या थोड्या नोंदींवर वाढला त्यांना तो फार घट्ट चिकटून राहतो. 8 नोंदींपैकी एखादी बदलली तर रेघ सरकते, कधी पहिला प्रश्नच बदलतो आणि सबंध वृक्ष निराळा दिसू लागतो. पाहिलेल्या शेतांविषयी तो अचूक बोलतो, परंतु न पाहिलेल्या शेतांविषयी त्याचा भरवसा धरता येत नाही. पाठांतर केलेल्या विद्यार्थ्यासारखी त्याची स्थिती असते. प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो अडखळतो.

अनेकांचे मत

या दोषावरील उपाय समजण्यासाठी एक जुनी हकिकत उपयोगी पडेल. इंग्लंडमधील प्लिमथ येथे 1906 साली भरलेल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका धष्टपुष्ट बैलाचे, कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची पैज लावण्यात आली होती. तिच्यात खाटीक होते, शेतकरी होते, तसेच नुसते हौशी लोकही होते. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने वाचता येण्याजोग्या 787 चिठ्ठ्या मिळवून चढत्या क्रमाने मांडल्या. अगदी मधल्या चिठ्ठीवरील आकडा 1,207 पौंड होता. प्रत्यक्ष वजन 1,198 पौंड भरले. फरक 9 पौंडांचा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. सुट्या सुट्या माणसांच्या चुका लहानमोठ्या होत्या. परंतु कोणी जास्त सांगितले तर कोणी कमी, आणि एकत्र पाहता त्या चुका बहुतांशी एकमेकींत जिरून गेल्या.

होय किंवा नाही अशा निर्णयांनाही हाच नियम लागतो. फ्रान्समधील काँदोर्से यांनी 1785 साली त्याचे गणित मांडले. समजा, प्रत्येक पंच 100 पैकी 70 वेळा बरोबर निर्णय देतो आणि प्रत्येक जण स्वतःच्या बुद्धीने मत देतो. तीन पंचांचे बहुमत 100 पैकी सुमारे 78 वेळा बरोबर ठरेल, पाच पंचांचे 84 वेळा आणि अकरा पंचांचे 92 वेळा. तथापि येथे दोन अटी आहेत. पहिली अट अशी की, प्रत्येक पंच निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असला पाहिजे. तो 100 पैकी 40 वेळाच बरोबर असेल तर तिघांचे बहुमत अधिक बिघडते व 35 वर येते. दुसरी अट अशी की, पंचांनी एकमेकांकडे पाहून मत देता कामा नये. अकराही पंच पाटलाच्या तोंडाकडे पाहून हात वर करीत असतील तर तेथे अकरा मते नसतात. ते एकच मत अकरा वेळा मोजलेले असते.

ही दुसरी अट म्हणजे या पाठाचा गाभा होय. वृक्षांच्या चुकांचा एकमेकींशी काहीही संबंध नसेल तर 100 वृक्षांच्या सरासरीतील चढउतार एका वृक्षाच्या चढउताराच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. उलट सर्व वृक्ष एकसारखे असतील तर 100 लावले काय आणि 1,000 लावले काय, लाभ शून्य. म्हणून नुसते अनेक वृक्ष पुरत नाहीत. ते परस्परांहून भिन्न असावे लागतात.

वृक्ष भिन्न कसे करावयाचे

सर्व वृक्षांना त्याच 8 नोंदी दिल्या तर सर्व वृक्ष तसेच वाढतील. यावर ब्राइमन यांनी 1996 साली असा उपाय सुचविला. 8 शेतांच्या 8 चिठ्ठ्या मडक्यात टाकाव्या. एक चिठ्ठी काढून तिचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ती चिठ्ठी पुन्हा मडक्यात टाकावी. असे 8 वेळा करावे. चिठ्ठी परत टाकल्यामुळे काही शेते दोनदा येतात व काही मुळीच येत नाहीत. या यादीवर एक वृक्ष वाढवावा. पुढच्या वृक्षासाठी पुन्हा नव्याने चिठ्ठ्या काढाव्या. चिठ्ठ्या परत टाकून नमुने घेण्याची ही युक्ती ब्रॅडली एफ्रन यांनी 1979 साली संख्याशास्त्रात रूढ केली होती.

तरीसुद्धा एक अडचण उरते. एखादा प्रश्न फार प्रबळ असला, जसा येथे खंडाचा आहे, तर बहुतेक वृक्ष त्यानेच सुरू होतील आणि एकमेकांसारखे दिसू लागतील. म्हणून प्रत्येक बेचक्यावर सर्व प्रश्न विचारण्याची मुभा न देता, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्याच प्रश्नांतून सर्वांत चांगला प्रश्न घेतला जातो. उताऱ्यासारखा आकडा काढावयाचा असेल तर एकूण प्रश्नांच्या एक तृतीयांश प्रश्न द्यावे, असा प्रघात आहे. 12 प्रश्न असतील तर एका वेळी 4. काही प्रश्न बाजूला ठेवून वृक्ष वाढविण्याचा प्रयोग टिन काम हो या संशोधिकेने 1995 साली मांडला होता. चिठ्ठ्यांची व प्रश्नांची अशा दोन्ही युक्त्या एकत्र करून ब्राइमन यांनी 2001 साली ‘रँडम फॉरेस्ट’ ही पद्धत प्रसिद्ध केली. एकेक वृक्ष यामुळे थोडा दुबळा होतो, परंतु वन मात्र सबळ होते.

वनाचा अंदाज

वरील उदाहरणच पुढे नेऊ. मूळ वृक्ष तसाच ठेवून त्याच्या जोडीला दोन वृक्ष लावले, असे समजावे. उदाहरणात प्रश्न तीनच असल्यामुळे प्रत्येक बेचक्यावर त्यांपैकी दोन द्यावे.

दुसऱ्या वृक्षासाठी 1, 3, 3, 4, 5, 7, 8, 8 या चिठ्ठ्या निघाल्या. शेत 2 व शेत 6 सुटले. आता मोठ्या खंडातील सर्वांत लहान आकडा 22 झाला, म्हणून रेघ साडेपंधरावर सरकली. 15 दिवस खंड पडलेले आपले नववे शेत या वृक्षावर लहान खंडाच्या फांदीवर जाते व पेरणी वेळेवर असल्यामुळे उत्तर 20 क्विंटल येते.

तिसऱ्या वृक्षासाठी 1, 2, 3, 4, 4, 5, 6, 7 या चिठ्ठ्या निघाल्या आणि त्याच्या वाट्याला खंडाचा प्रश्न आलाच नाही. त्याने आधी जमीन विचारली, मग पेरणी. उथळ व वेळेवर पेरलेली शेते 5 व 6 यांची सरासरी 13 क्विंटल, हे त्याचे उत्तर.

तिन्ही वृक्षांची उत्तरे 6.5, 20 व 13. सरासरी सुमारे 13.2 क्विंटल. खंड 14 दिवस असता तर उत्तरे 20, 20 व 13 आली असती व सरासरी सुमारे 17.7 झाली असती. एकट्या वृक्षावर एका दिवसाने साडेतेरा क्विंटलांचा फरक पडत होता. तीन वृक्षांवर तो साडेचारवर आला. प्रत्यक्षात वनात शेकडो वृक्ष असतात. प्रत्येकाची रेघ निराळ्या जागी असते, म्हणून वनाचा अंदाज पायऱ्यापायऱ्यांनी न पडता उताराच्या जमिनीसारखा हळूहळू उतरत जातो. पिकाचे नुकसानही शेतात असेच हळूहळू होत असते.

चिठ्ठ्यांच्या युक्तीचा आणखी एक फायदा आहे. नोंदी पुष्कळ असल्या की प्रत्येक वृक्षाच्या वेळी सुमारे 37 टक्के नोंदी बाहेर राहतात. त्या नोंदी त्या वृक्षाने पाहिलेल्या नसल्यामुळे त्यांच्यावर त्याची परीक्षा घेता येते. दुसऱ्या वृक्षाने शेत 2 व शेत 6 पाहिले नव्हते. त्यांचा उतारा त्याला विचारला तर तो 13 व 5 असे सांगतो. खरा उतारा 16 व 8 होता. म्हणजे दोन्ही ठिकाणी त्याची 3 क्विंटलांची चूक झाली. वनातील सर्व वृक्षांची अशी परीक्षा घेतली की वनावर किती विसंबावे याचा अंदाज नव्या नोंदी न जमविताही मिळतो.

दुसरी रीत : चुकांवरून शिकणारे वृक्ष

वनात सर्व वृक्ष एकमेकांपासून स्वतंत्र वाढतात. याहून निराळी एक रीत आहे. तिच्यात वृक्ष एकामागून एक लावतात आणि प्रत्येक वृक्ष मागील वृक्षांनी केलेली चूक दुरुस्त करतो. योआव्ह फ्रॉइंड व रॉबर्ट शापायर यांनी 1990 नंतरच्या दशकात आणि जेरोम फ्रीडमन यांनी 2001 साली या रीतीची महत्त्वाची रूपे मांडली. समजा, सर्व शेतांना प्रथम 14 हाच अंदाज दिला. शेत 6 चा खरा उतारा 8, म्हणजे अंदाज 6 ने जास्त झाला. शेत 1 चा 22, म्हणजे तेथे 8 ने कमी पडला. पुढचा वृक्ष उतारा शिकत नाही, ही उरलेली तफावत शिकतो. त्याने सांगितलेली दुरुस्तीही एकदम पुरी न घेता थोडी, उदाहरणार्थ दहावा हिस्सा, घेतात. मग उरलेल्या तफावतीवर तिसरा वृक्ष, आणि असेच पुढे.

ही रीत पुष्कळदा वनापेक्षाही अचूक ठरते. परंतु तिला एक धोका आहे. एखादी नोंदच खोटी असेल तर त्या नोंदीशी दिसणारी तफावत पुढचे सर्व वृक्ष खरी चूक समजून तिचा पाठलाग करीत राहतात. अंदाजपंचे भरलेला एक तक्ता अशा रीतीने अनेक वृक्षांना वाट चुकवू शकतो.

वन कोठे फसते

वनाचे सामर्थ्य चुका एकमेकींत जिरण्यात आहे. जी चूक सर्वांची एकाच दिशेने होते ती जिरत नाही. याचे उत्तम उदाहरण पीक कापणीच्याच इतिहासात आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या काळात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत काम करताना यादृच्छिक निवडीच्या पीक कापणी प्रयोगांचा पाया घातला. लहान प्लॉट घेतले तर उतारा वस्तुस्थितीपेक्षा जास्त येतो, असे त्यांनी 1946 साली दाखवून दिले. प्लॉटच्या कडेवर उभे असलेले झाड आत घ्यावे की बाहेर ठेवावे, असा प्रश्न आला की माणसाचा कल ते आत घेण्याकडे असतो. प्लॉट जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने कडेचा भाग मोठा आणि तितकी ही वाढ अधिक. अशा लहान प्लॉटांची संख्या कितीही वाढविली तरी सरासरी सुधारत नाही, कारण सर्वांचा पाय एकाच बाजूला घसरलेला असतो. वृक्षांचेही तसेच आहे. ज्या नोंदींवर वन वाढले त्या नोंदी एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर 500 वृक्ष मिळून तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतील.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. वृक्षाच्या पानावर मागील शेतांची सरासरी असते. म्हणून मागील नोंदींत जो सर्वांत कमी उतारा आढळला त्याच्या खाली कोणताही वृक्ष उतरू शकत नाही आणि सर्वांत जास्त उताऱ्याच्या वर चढू शकत नाही. वरील 8 शेतांत सर्वांत मोठा खंड 23 दिवसांचा आहे. एखाद्या वर्षी 45 दिवस पाऊस पडलाच नाही, जमीन उथळ व पेरणी उशिरा झालेली असली, तर मूळ वृक्ष 6.5 सांगेल, दुसरा 5 व तिसरा 13. वनाचा अंदाज सुमारे 8 क्विंटल. शेतात मात्र हेक्टरी 2 क्विंटलच निघतील. ज्या वर्षी शेतकऱ्याला अंदाजाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच वर्षी वन त्याला दगा देण्याचा संभव असतो.

रुपयांत याचा अर्थ काय होतो ते पाहावे. विमा योजनेत उंबरठा उताऱ्यापेक्षा प्रत्यक्ष उतारा जितका कमी, त्या तुटीचे उंबरठा उताऱ्याशी जे प्रमाण, त्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई मिळते. समजा, एका मंडळात सर्वत्र वरीलप्रमाणे परिस्थिती आहे, उंबरठा उतारा 10 क्विंटल आहे व संरक्षित रक्कम हेक्टरी 50,000 रुपये आहे. खरा उतारा 2 क्विंटल धरला तर तूट 80 टक्के व भरपाई 40,000 रुपये. केवळ वनाचा 8 क्विंटलांचा अंदाज धरला तर तूट 20 टक्के व भरपाई 10,000 रुपये. पीक कापणीला 70 टक्के व वनाला 30 टक्के भार दिला तर उतारा 3.8 क्विंटल धरला जाईल व भरपाई 31,000 रुपये होईल. शेतकऱ्याच्या पदरात हेक्टरी 9,000 रुपये कमी पडतील.

म्हणून वन टाकाऊ ठरते, असे मात्र नव्हे. मागील नोंदींत 45 दिवसांच्या खंडाची व 2 क्विंटल उताऱ्याची शेते खरेपणाने नोंदलेली असती तर वनाला ती माहीत झाली असती आणि त्याचा अंदाज खाली आला असता. तसेच ज्या वर्षी काही पीक कापणी प्रयोगांचे आकडे शेजारच्या सर्व शिवारांशी विसंगत येतात, त्या वर्षी वनाचा अंदाज पडताळ्यासाठी उपयोगी पडतो. वन हे नोंदींचे अपत्य आहे. नोंद जशी, तसे वन.

कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

1. यादृच्छिक क्रमांकाने ज्या गटातील जो प्लॉट निघेल तोच घ्यावा. रस्त्याजवळचे, सोयीचे किंवा दिसायला चांगले शेत बदली घेऊ नये. चिठ्ठीने निवडलेले शेत नापसंत म्हणून सोडणे म्हणजे वनाला एका बाजूला झुकविणे होय.

2. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून दोरी ताणून घ्यावी. कडेच्या झाडाचा बुंधा दोरीच्या आत असेल तरच ते झाड आत धरावे. फांद्या आत झुकल्या म्हणून झाड आत येत नाही.

3. बुडालेल्या व वाळून गेलेल्या शेताची नोंद अवश्य करावी. उतारा शून्य आला तर शून्यच लिहावे. रिकामी सोडलेली जागा व शून्य यांत फार मोठे अंतर आहे. वाईट वर्षाची खरी नोंद ही पुढील वाईट वर्षाच्या न्यायाची पुंजी होय.

4. वजन शेतावरच करावे व तेथेच नोंदवावे. शेजारच्या गावाचा आकडा पाहून आपला आकडा त्याच्याशी जुळवून घेऊ नये. जुळविलेल्या दहा नोंदींचे मोल एका नोंदीइतकेच असते.

5. पेरणीची तारीख, जमिनीची खोली, आंतरपीक आणि पावसाचा खंड हे रकाने घाईने भरू नयेत. वृक्षाचे प्रश्न याच रकान्यांतून निर्माण होतात. आंतरपीक असलेले शेत सलग पिकाचे म्हणून लिहिले तर उपग्रहाच्या चित्राचा अर्थच उलटा लागतो.

6. शेतकऱ्यांनी पीक कापणीच्या दिवशी हजर राहावे, प्लॉटची आखणी व वजन डोळ्यांनी पाहावे व लिहिलेला आकडा वाचून घ्यावा. शंका असेल तर ती तेथेच, त्याच वेळी मांडावी.

सारांश

एकटा निर्णयवृक्ष समजण्यास सोपा, परंतु चंचल असतो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नोंदींवर व मोजक्या प्रश्नांवर वाढविलेले अनेक भिन्न वृक्ष एकत्र केले की त्यांच्या सुट्या चुका एकमेकींत जिरतात व अंदाज स्थिर होतो. परंतु सर्वांची समान चूक, तसेच कधीच न पाहिलेली आपत्ती, या दोन गोष्टींपुढे वनाचे काही चालत नाही. त्यांवरील उपाय यंत्रात नाही. तो शिवारात, दोरी, तराजू व नोंदवही घेऊन प्लॉटपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती आहे. वन संगणकात वाढते, पण त्याची मुळे गावच्या शेतात असतात.

अभ्यासासाठी प्रश्न

1. वरील 8 शेतांपैकी शेत 7 वगळले तर खंडाची रेघ कोठे पडेल? 14 दिवस खंडाचे शेत त्या रेघेच्या कोणत्या बाजूला जाईल?
2. एकाच पंचाचे मत अकरा वेळा मोजल्याने निर्णय का सुधारत नाही? वनात यावर कोणते दोन उपाय योजतात?
3. लहान प्लॉटांची संख्या वाढवूनही उतारा जास्तच का येत राहतो?
4. आपल्या गावातील मागील पाच वर्षांच्या पीक कापणी नोंदींत सर्वांत कमी उतारा कोणता? त्याहून वाईट वर्ष आले तर केवळ त्या नोंदींवर वाढलेले वन काय सांगेल?